हाताने बेरीज केलेला पत्ता

जाफराबादच्या आमच्या नातेवाइकांत मी नेमकं काय काम करतो हे कुणालाच ठाऊक नाही. पंचवीस वर्षं मी "बसवरच्या कार्डांसाठी ड्रायव्हर लिहितो" असं सांगत आलो आणि पंचवीस वर्षं एक मावसकाका मला विचारत आले, "मंग डेपो कोणता?" शेवटी एकदा मी "जालना" म्हणून टाकलं. त्यांचं समाधान झालं.

या अंकासाठी कामातले किस्से लिहा असा निरोप आला तेव्हा मी दोन दिवस लिहायलाच बसलो नाही. किस्से पुष्कळ आहेत. त्यातला एक मी कुठल्याही मांडवात बसून रंगवून सांगतो. दुसरा मी बायकोलासुद्धा सव्वा वर्ष सांगितला नव्हता. पहिला सांगितल्याशिवाय दुसऱ्यातली माझी चूक किती मोठी होती हे कळणार नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

आधी काम समजून घ्या. संगणकाच्या प्रोसेसरला आजूबाजूची प्रत्येक वस्तू एका आकड्याने ओळखता येते. त्या आकड्याला आम्ही पत्ता म्हणतो. समजा, तापमान मोजणारं एक कार्ड आहे. त्याच्या पत्त्यावर जाऊन वाचलं की तापमान मिळतं. हे वाचायचं काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. अडचण एवढीच की कार्ड प्रोसेसरला थेट चिकटलेलं नसतं. मधे एक मुख्य रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. त्या बसवर एक पूल, पुलापलीकडे दुसरी बस, तिच्यावर कार्ड, आणि कार्डाच्या पोटात पुन्हा तिसरी, लहानशी बस. प्रत्येक बसची मोजणी तिची स्वतःची, शून्यापासून सुरू होणारी.

जुना जालन्याच्या घाऊक बाजारात जाऊन कुणाला "दोन नंबरचं दुकान" विचारून बघा. धान्याच्या गल्लीत दोन नंबर आहे, कापडाच्या गल्लीत आहे आणि कापडाच्या गल्लीतून आत गेलेल्या बोळातही आहे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक वळणावर एक तक्ता लागतो. तक्त्यात तीनच आकडे असतात: आतली मोजणी कुठून सुरू होते, बाहेरच्या मोजणीत ती जागा कुठे येते, आणि आत एकूण किती घरं आहेत. कार्डाचा खरा पत्ता काढायचा तर सगळ्यात आतल्या बोळापासून एकेक वळण बाहेर येत प्रत्येक तक्ता बघायचा. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य कारभारी. ही पायपीट करून देणारी तयार सोय त्याच्यात असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ती सोय वापरायची. स्वतः कागदावर बेरीज करून आकडा लिहून टाकायचा नाही. बेरीज आज बरोबर येते, पण संगणक चालू होताना कोणत्या कार्डाला कोणती जागा द्यायची हे कर्नल दर वेळी नव्याने ठरवतो. एखादं कार्ड वाढलं की बाकीच्यांची जागा सरकते.

आता पहिला किस्सा. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होतो. आमचा कंट्रोलर बसवलेलं एक छपाईयंत्र जुना जालन्यात हमीदभाईंच्या छापखान्यात होतं. मी मूळचा इकडचा, म्हणून तक्रार आली की मलाच धाडायचे. मी पोचलो तर हमीदभाई दारातच उभे.

"साब, तुमच्या मशीननं नवरी बदलून टाकली!"

"म्हणजे?"

"म्हंजे पत्रिका एका घरची, नवरीचं नाव दुसऱ्या घरचं. आन् दोन्ही पार्ट्या आतमधी बसल्या चहा पीत. आपसात बोलायच्या आत काही तरी करा जल्दी!"

झालं होतं असं. छपाईचं यंत्र चित्र स्वतःच मेमरीतून उचलून आणतं. म्हणजे या वेळी रस्ता उलटा, आतून बाहेर. यंत्राच्या बाजूने मेमरीची मोजणी वेगळी असते. ज्याने ड्रायव्हर लिहिला होता त्याने यंत्राला प्रोसेसरच्या मोजणीतला पत्ता देऊन ठेवला होता. यंत्र बिचारं आपल्या मोजणीने त्या आकड्यावर गेलं आणि तिथे आधीच्या पत्रिकेचा तुकडा पडलेला होता, तो उचलून आणला. मी पत्ता रीतसर कर्नलकडून मागून घेतला आणि नवरी आपल्या घरी परतली. हमीदभाई म्हणाले, "ज्यानं पहिलं लिहिलं त्याला माझ्याकडं पाठवा. त्याचं लग्न मी छापतो, याच मशीनवर."

यानंतर कित्येक वर्षं मी नव्या इंजिनिअरांना शिकवताना हा किस्सा सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "पत्त्याची बेरीज हाताने करणारा माणूस या कामाच्या लायकीचा नाही." माझं हे वाक्य आमच्या ऑफिसात प्रसिद्ध होतं.

आता दुसरा.

जालना-बदनापूर रस्त्यावर बियाण्यांचा एक कारखाना आहे. नाव लिहीत नाही. तिथे मक्याची कणसं मोठ्या कोठ्यांमध्ये भरून खालून गरम हवा सोडतात. हवा चाळिशीच्या आसपास ठेवावी लागते. त्याच्या फार वर गेली की दाणा दिसतो तसाच, पण आतला कोंब मरतो. पुढे पेरला तर उगवत नाही. कोठीत तापमानाचे सेन्सर, सेन्सर आमच्या कार्डाला जोडलेले, आणि आकडा बघून बर्नर आपोआप कमी-जास्त होणार, अशी व्यवस्था मी बसवली होती. पहिल्यांदा चार कोठ्या होत्या.

कार्डाच्या आतल्या बसचा तक्ता कार्ड बनवणाऱ्यांकडून यायचा राहिला होता. हंगाम सुरू झाला होता, कणसांच्या गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. मी टेबलावरच्या यंत्रात पत्ता काय येतो ते पाहिलं, तो आकडा सरळ ड्रायव्हरमध्ये लिहिला आणि शेजारी टीप टाकली, "नंतर काढायचा". पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चाललं. तक्ता चार दिवसांनी आला. मी तो उघडूनही पाहिला नाही.

दोन हंगामांनंतर कोठ्या आठ झाल्या आणि तसंच दुसरं कार्ड आलं. माझ्या आकड्यात कार्डाची लांबी मिळवून मी दुसऱ्या कार्डाचा पत्ता लिहिला. म्हणजे पुन्हा हाताने बेरीज. कारखान्यातल्या माणसाने नवं कार्ड मोकळ्या खाचेत बसवलं. ती खाच जुन्या कार्डाच्या आधीची होती. संगणक चालू झाल्यावर कर्नलने खाचा ओळीने मोजल्या आणि पहिली जागा नव्या कार्डाला दिली. एक ते चार आणि पाच ते आठ यांची अदलाबदल झाली. चाचणी घेतली त्या दिवशी सगळ्या कोठ्या रिकाम्या होत्या. आठही आकडे सारखेच दिसले. मी पुण्यात बसून व्हिडिओवर पाहिलं आणि "चाचणी यशस्वी" लिहून मोकळा झालो.

कारखान्यात ऑपरेटर होते मिलिंद म्हस्के. वय पस्तीसच्या आसपास, बदनापूरजवळच्या गावचे, फारसे न बोलणारे. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, एक नंबरमधलं कणीस गालाला लावून पाह्यलं. चटका बसून राह्यला. पडद्यावर तर तीस दाखवतंय."

मी तेव्हा दुसऱ्या कामात होतो. म्हणालो, "मिलिंदभाऊ, गालात काय थर्मामीटर बसवलाय का? चार कोठ्यांचे चार सेन्सर. सगळेच खोटं बोलतील?"

तासाभराने पुन्हा फोन. "सर, बर्नर हातानं कमी करू का? मॅनेजर साहेब बाहेरगावी गेलेत."

"अजिबात हात लावू नका. ऑटोवर राहू द्या."

"बरं," म्हणाले. आणि ठेवला ऑटोवर.

त्या आठवड्यात फक्त पहिल्या चार कोठ्या भरल्या होत्या. पडद्यावर एक नंबरच्या नावाने दिसत होतं ते रिकाम्या पाच नंबरचं तापमान. बर्नरची तार मात्र वेगळी होती, ती बरोबर एक नंबरलाच जात होती. कोठी गार आहे असं समजून यंत्र तिला तापवत राहिलं. रिकाम्या कोठ्यांचे आकडे पडद्यावर आणि नोंदीतही बंद ठेवायची पद्धत होती, म्हणून पाच ते आठ नंबरचे चढत गेलेले आकडे कुणाला दिसले नाहीत.

उगवण चाचणीत चारही कोठ्यांचा माल नापास झाला. प्रयोगशाळेने अडवला म्हणून तो कुणाच्या शेतात गेला नाही, एवढं एक बरं झालं. चौकशीत यंत्रातल्या नोंदी काढल्या. तापमान कुठेच चाळिशीवर नाही, बर्नर मात्र सतत चालू, आणि तो ऑटोवर होता की हाताने चालवला हे नोंदीत येत नव्हतं. यावरून ठरलं की ऑपरेटरने बर्नर ऑटोवरून काढून हाताने चालवला, लवकर वाळवून मोकळं व्हायला. मॅनेजरांचा मला फोन आला.

"म्हस्के म्हणतो, त्यानं तुम्हाला दोनदा फोन केल्ता. तुम्हीच ऑटोवर ठेवा म्हणाले. खरं आहे का?"

मला सगळं आठवत होतं. गालाचं वाक्य तर शब्दन् शब्द. माझ्या ड्रायव्हरमध्ये चूक आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण हो म्हटलं तर माझ्या यंत्रणेवर संशय येईल एवढं कळत होतं. मी म्हणालो, "असे फोन रोजच येतात साहेब. काय बोललो ते नेमकं आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी मिलिंदभाऊंना काढलं. बियाण्याच्या धंद्यात इकडची माणसं एकमेकांना ओळखतात. पुन्हा त्यांना कुठल्याही कारखान्याने उभं केलं नाही.

पुढे आठही कोठ्या भरल्या गेल्या, आकडे साधारण सारखे राहिले, आणि चूक झाकून राहिली. पुढच्या हंगामाआधी कर्नल बदलायला मी स्वतः कारखान्यात गेलो. ड्रायव्हर उघडला. ती टीप समोर आली, "नंतर काढायचा". कर्नलने कार्डांना दिलेल्या जागांची यादी काढली आणि माझे आकडे तिच्याशी ताडून पाहिले. अदलाबदल कळायला पाच मिनिटं लागली. गालाचं वाक्य आठवायला तेवढीही लागली नाहीत.

मी काय केलं ते सांगतो. आकडे काढून टाकले, रीतसर सोय वापरली, दोन्ही कार्डं तपासली. आमच्या कामात प्रत्येक बदलाबरोबर तो का केला हे लिहून ठेवावं लागतं. मी लिहिलं, "पत्ता काढण्याच्या भागाची किरकोळ साफसफाई". मॅनेजरांबरोबर चहा घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर सव्वा वर्ष मी गप्प बसलो. चूक आता दुरुस्त झाली आहे, उगाच उकरून काय मिळणार, अशी मनाची समजूत घालत होतो. मग एक दिवस मॅनेजरांचा फोन आला. नवा ऑपरेटर घेतलाय, त्याला जरा शिकवा म्हणाले. आणि सहज बोलून गेले, "त्या म्हस्केसारखा निघू नये म्हंजे झालं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "त्यांचं घर माहीत आहे का?"

रविवारी गेलो. मिलिंदभाऊ अंगणात मालवाहू रिक्षा धूत होते. बदनापूर स्टेशनसमोर ती चालवतात असं कळलं होतं. त्यांचे वडील रावसाहेब ओट्यावर बसले होते. कृषी संशोधन केंद्रात त्यांनी उभा जन्म मजुरी केलेली. कणीस गालाला लावून ऊब ओळखायची रीत त्यांनीच मुलाला शिकवलेली, हे मला त्या दिवशी समजलं.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोनचं, चौकशीतल्या उत्तराचं, पत्त्याचं. मिलिंदभाऊंनी पाण्याचा पाइप बंद केला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सव्वा वर्षापूर्वी."

"मंग सव्वा वर्ष काय केलं?"

"काही नाही."

रावसाहेब ओट्यावरून उतरून आले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "म्हंजे तू खरं बोलून राह्यल्ता." आणि मला म्हणाले, "साहेब, गावानं इचारलं त्याचं काही न्हाई. मी बी इचारलं याला. भाकर खाता खाता इचारलं, खरं सांग, बर्नरला हात लावला का? ताटावरून उठून गेल्ता हा."

मी माफी मागायला सुरुवात केली तर मिलिंदभाऊंनी हात वर केला.

"माफी-बिफी राहू द्या सर. मला ती कुठं दाखवता येते? तुम्ही त्या लोकायसमोर सांगा. आन् नुसतं सांगू नका. तिथंच, त्याच पडद्यावर, करून दाखवा."

"करून दाखवतो."

"कधी?"

"या महिन्यात."

"तारीख सांगा."

मी तारीख सांगितली.

पुण्यात साहेबांना कळवलं तर ते हादरले. "तोंडी काय सांगायचं ते सांग, पण लेखी काही देऊ नकोस. कंपनी अडकेल." मी चार पानी अहवाल लिहिला, कोणत्या ओळीत काय चूक होती आणि ती कुणी केली हे त्यात घातलं, खाली सही केली आणि कारखान्याला पाठवला. हे सगळं निस्तरल्यावर पुण्याच्या कंपनीने मला पुन्हा काम दिलं नाही. मी आता जालन्यात घरूनच काम करतो. पहिल्यापेक्षा कमी मिळतं. तक्रार नाही.

ठरल्या दिवशी सकाळी कारखान्यात जुना ड्रायव्हर परत चढवला. एक नंबर कोठीत टाकाऊ कणसं भरली, बाकी सात रिकाम्या. या वेळी आठही आकडे पडद्यावर उघडे ठेवले. मॅनेजर होते, तीन ऑपरेटर होते, आणि मिलिंदभाऊ रावसाहेबांना रिक्षात बसवून घेऊन आले होते. बर्नर पेटवला.

दहा-पंधरा मिनिटांत पाच नंबरचा आकडा चढायला लागला. एक नंबर जागचा हलेना.

मॅनेजर म्हणाले, "पाच तर रिकामी आहे."

एक ऑपरेटर पुटपुटला, "रिकाम्या कोठीला ताप आला की काय?" कुणी हसलं.

मिलिंदभाऊ पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी एक नंबरची खिडकी उघडली, एक कणीस काढलं आणि गालाला न लावता मॅनेजरांच्या हातात दिलं. मॅनेजरांनी ते या हातातून त्या हातात केलं आणि खाली ठेवलं.

मग मिलिंदभाऊ माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "सर, त्या दिवशी मी फोन केल्ता का?"

"केला होता. दोनदा. कणीस गरम लागतंय म्हणालात. बर्नर कमी करू का विचारलंत. मी नको म्हणालो. चौकशीत मला विचारलं तेव्हा हे सगळं मला आठवत होतं. मी खोटं बोललो."

मॅनेजरांनी कपाटातून त्या हंगामाची शिफ्टची वही काढून आणली. त्या दिवसाच्या पानावर मिलिंदभाऊंच्या अक्षरात दोन्ही फोनांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. चौकशीत ती वही कुणी ग्राह्य धरली नव्हती, कारण लिहिणारा तोच होता. मॅनेजरांनी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "म्हस्के, चूक आमची पण झाली. उद्यापासून या."

"विचार करून सांगतो," मिलिंदभाऊ म्हणाले. पंधरा दिवसांनी ते रुजू झाले, पण अट घालून: कोठी हाताला गरम लागली तर पडदा काही का दाखवेना, बर्नर बंद करायचा अधिकार ऑपरेटरचा. मॅनेजरांनी ती अट लेखी दिली. आज ती त्या खोलीच्या भिंतीवर लावलेली आहे.

माझं एक काम उरलं होतं. "किरकोळ साफसफाई" ही ओळ आता पुसता येत नव्हती. एकदा केलेली नोंद आमच्याकडे तशीच राहते. म्हणून मी ड्रायव्हरमध्ये आणखी एक बदल केला: कार्डाची खाच आणि कोठीचा नंबर जुळल्याशिवाय तो चालूच होणार नाही. त्या बदलाच्या नोंदीत आधीची चूक काय होती, ती माझी होती आणि तिने काय नुकसान झालं, हे सगळं लिहिलं. कर्नलच्या कामात एक जुनी रीत आहे. दोष ज्याने पहिल्यांदा दाखवून दिला त्याचं नाव दुरुस्तीच्या नोंदीखाली वेगळ्या ओळीत लिहितात. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाइतकाच त्या ओळीला मान असतो. नोंद पक्की करण्याआधी लॅपटॉप घेऊन मी कारखान्यात गेलो आणि मिलिंदभाऊंना ती वाचून दाखवली. शेवटची ओळ होती, "दोष कळवणारे: मिलिंद म्हस्के".

त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. "हे कोण वाचणार?"

"पुढे जो कुणी हा ड्रायव्हर उघडेल तो. मी नसलो तरी ही नोंद राहणार."

"पुसता येत न्हाई?"

"नाही."

त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"मंग पूर्ण नाव टाका," ते म्हणाले. "मिलिंद रावसाहेब म्हस्के."

मी टाइप केलं. त्यांनी एकेक अक्षर तपासलं, आणि मग मी नोंद पक्की केली.